बिअर कळणारा व्हर्न प्रुइट

व्हर्न प्रुइटला उभ्या आयुष्यात एकाच माणसाने शाबासकी दिली, आणि तीसुद्धा एकदाच. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. इंग्लंडात, सफोकमधल्या अमेरिकन हवाई तळावर विमानांची इंजिनं खोलायचा आणि शनिवार आला की सायकल काढून जवळच्या खेड्यातल्या पबमध्ये जायचा. त्या पबचे मालक मिस्टर गॅरड म्हणजे जाडजूड, कमी बोलणारे गृहस्थ. एका शनिवारी त्यांनी व्हर्नचा रिकामा ग्लास उचलला, दिव्यासमोर धरून पाहिला आणि बारवर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या पोराला बिअर कळते."

एवढंच. पण व्हर्नच्या बापाने, ॲक्रनच्या टायर कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाने, या पोराला काही कळत नाही असं येईल-जाईल त्याला सांगून ठेवलं होतं. शाळेचं मत वेगळं नव्हतं, सैन्याचंही नव्हतं. अमेरिकेत परत आल्यावर त्याने गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं, तिथेही लोक यंत्र टाकायचे, घेऊन जायचे, दोन शब्द चांगले बोलायची कोणाला गरज वाटली नाही. त्यामुळे मिस्टर गॅरडांचं ते वाक्य व्हर्नने फार जपलं. त्रेपन्नाव्या वर्षी त्याने दुकान विकलं आणि एरी तलावाच्या काठच्या आमच्या कॉनरॉय गावात, मेन स्ट्रीटवर, बुटांच्या जुन्या दुकानाच्या जागी इंग्लिश पब काढला. नाव मिस्टर गॅरडांच्या पबचंच ठेवलं. द प्लाउ, म्हणजे नांगर.

नाव ठेवलं खरं, पण पाटीवर ते इंग्रज लिहितात तसं, शेवटी ough लावून लिहिलं, अमेरिकन लिहितात तसं नाही. गावाने पाटी वाचली आणि पहिल्या दिवसापासून 'प्लफ' म्हणायला सुरुवात केली. 'टफ' आणि 'रफ'मध्ये त्या अक्षरांचा फ होतो, मग इथेच काय घोडं मारलंय, असा गावाचा सरळ विचार. व्हर्नने वर्षभर एकेकाला थांबवून सुधारलं, मग नाद सोडला. मीही प्लफच म्हणते.

माझं नाव विदुला. गावाने त्याचा विडा करून टाकलाय आणि मीही तो मुकाट्याने उचललाय. तेहतीस वर्षं मी इथल्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. पब उघडायच्या आधी व्हर्न एक दिवस दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये आपल्या नळाचं पाणी घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि यात सल्फेट किती, असं विचारायला लागला. इंग्लिश बिअरचं सगळं रहस्य पाण्यात असतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. पाण्याबद्दल आपणहून प्रश्न विचारणारा हा मला या गावात भेटलेला पहिला माणूस. मी त्याला आकडे लिहून दिले, त्याने मला पबच्या उद्घाटनाचं बोलावणं दिलं. तेव्हापासून शुक्रवारची माझी संध्याकाळ प्लफमध्ये जाते. सुरुवातीला तळलेल्या माशासाठी जायचे, पुढे सवयीने.

आता बिअरबद्दल. ही बिअर यंत्राच्या दाबाने येत नाही. बारवर एक लांब लाकडी मूठ असते, ती हाताने ओढावी लागते, तेव्हा तळघरातल्या पिंपातून बिअर वर चढते. सरळ आपला हापसाच. येते ती ना धड थंड ना धड गरम, वर फेस नावाला. इथवर इंग्लंडमध्येही असंच असतं, हे मी मागाहून खात्री करून घेतलं. पण व्हर्नची बिअर आंबट होती. म्हणजे कोकमाच्या सरबतात कोणी जुनं पुठ्ठ्याचं खोकं भिजत घालावं तशी. पहिला घोट घेतला की कानामागे कळ यायची.

हे अपघाताने झालं होतं. पहिली दोन वर्षं व्हर्न मागच्या शेडमध्ये बिअर करायचा, चाखायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, ती नाही. लोकांना आवडायची, पण व्हर्नच्या मते ती मिस्टर गॅरडांची नव्हती. मग त्याची बहीण टोलिडोला वारली आणि तो आठवडाभर तिकडे अडकला. इकडे उघडलेलं पिंप तळघरात तसंच राहिलं. परत आल्यावर टाकून देण्याआधी त्याने त्यातला एक घोट घेतला आणि तळघराच्या पायरीवर बसूनच राहिला. तीच होती. तेव्हापासून नियम झाला: पिंप उघडायचं, आठ दिवस ठेवायचं, मग हापसायला घ्यायचं. व्हर्न याला 'पिकणं' म्हणायचा. उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपवावं असं पुस्तकात लिहिलेलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. पुस्तकं लिहिणारे कधी सफोकला जाऊन बसलेले नसतात, असं तो सांगायचा.

आणि आम्ही ती प्यायलो. यातली खरी गंमत हीच. लोइस हॅडलीचं उदाहरण घ्या. तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. तिचा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचून परत यायचा, आणि हॉटेलात बटाट्याची फोडसुद्धा गार आली तर ती बशी परत पाठवते. पण प्लफमध्ये त्या पिकलेल्या बिअरचा पहिला घोट घेऊन तिने एवढंच विचारलं की इंग्लंडात अशीच असते का. व्हर्न म्हणाला, अशीच. लोइसने मान डोलावली आणि ग्लास संपवला. एखादी गोष्ट परदेशातली आहे आणि जुनी आहे असं कळलं की आमच्या गावातले लोक आधी स्वतःच्या जिभेवर संशय घेतात. बाकी कशावर घेणार नाहीत, पण जिभेवर घेतात.

मी तरी काय वेगळी? पाण्यात काय मिसळलंय हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. एकदा न राहवून मी पर्समधल्या छोट्या बाटलीत थोडी बिअर प्रयोगशाळेत नेली, आम्ल किती ते मोजलं, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी कचऱ्यात टाकली. ज्या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या जिभेची चौकशी आपण कशाला करायची, असं काहीतरी माझ्या मनात आलं असावं. घरात मात्र नवऱ्याने केलेल्या चहात साखर कमी पडली तरी मी त्याला लेक्चर देते. या सगळ्यात व्हर्नची बायको नदीन तेवढी शहाणी होती. ती स्वयंपाकघर सांभाळायची आणि जन्मभर लिंबूपाण्याखेरीज काही प्यायली नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली.

नदीन गेल्यावर व्हर्नचे गुडघे गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तळघराच्या पायऱ्या दिवसातून दहा वेळा झेपत नाहीत. त्याची मुलगी कार्ला नोकरी सोडून पबमध्ये आली. तिचं म्हणणं असं की हापसा काढून टाकावा, चार थंड बिअरचे नळ बसवावेत, म्हणजे तिशीतली गिऱ्हाइकंही येतील. आम्ही नेहमीचे लोक आता मोजून चौदा उरलो होतो आणि त्यातल्या दोघांना डॉक्टरने बंदी केली होती. दोन वर्षं बापलेकीचं यावरून वाजत होतं. शेवटी व्हर्ननेच तोडगा काढला. मिस्टर गॅरडांची एक मुलगी होती, ती असेल तर तिला बोलवायचं. माझी बिअर तिच्या बापाची बिअर आहे असं ती म्हणाली, तर पब कार्लाचा, पण बिअर अशीच राहील, शपथेवर. नाही म्हणाली, तर हापसा भंगारात.

कार्लाला वाटलं, इतक्या वर्षांनी कोण सापडतंय. पण त्या खेड्याच्या चर्चचं एक मासिक पत्रक निघतं आणि त्यात फुलांच्या सजावटीची जबाबदारी मिस ऑड्री गॅरड यांच्याकडे असल्याचं छापलेलं होतं. कार्लाने प्रामाणिकपणे पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की मी येते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी ती आली. बहात्तर वर्षांची, किडकिडीत, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली बाई. तिने पाटी वाचली आणि सगळे प्लफ-प्लफ काय म्हणतायत, असं मला हळूच विचारलं. आत व्हर्न टाय बांधून उभा होता. नदीनच्या अंत्यविधीनंतर तो टाय मी पाहिला नव्हता. त्याने कार्लाला बाजूला केलं, स्वतः हापशाची मूठ धरली, तीनदा लांब ओढली आणि ग्लास तिच्यासमोर ठेवला. मिस गॅरडने ग्लास उचलला, पण प्यायली नाही. नुसती नाकाजवळ धरून राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मग तिने अगदी छोटा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "क्वाइट गुड."

व्हर्नचे डोळे भरून आले. लोइसने टेबलावर हात आपटला. अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणतो तेव्हा त्याला फारच चांगलं म्हणायचं असतं, त्यामुळे पबमध्ये सगळ्यांना निकाल लागल्यासारखंच वाटलं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. मुलगी बघून आल्यावर आपल्याकडे 'बरी आहे' म्हणतात, त्या 'बरी'त होकार आहे की नकार हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. मिस गॅरडचं तोंड मी बघत होते. तिने त्यानंतर ग्लासला हात लावला नाही. कार्लाही ते बघत होती, आणि ती माझ्याहून गोंधळलेली होती.

पाहुणी माझ्याकडे उतरली होती. गावातलं मोटेल तिला दाखवायच्या लायकीचं नव्हतं. रविवारी सकाळी मी तिला आलं घालून चहा दिला. ती "लव्हली" म्हणाली आणि अर्धा कप तसाच ठेवला. म्हटलं, आता कळली हिची भाषा. मग मी सरळ विचारलं, कालची बिअर कशी होती.

तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं की बिअर तिच्या वडिलांचीच होती, त्यात तिळमात्र शंका नाही. आणि तिच्या वडिलांची बिअर नासलेली असायची. गावातलं कोणी ती पीत नव्हतं. दोन मैल चालून लोक पलीकडच्या गावातल्या पबमध्ये जायचे. प्लाउमध्ये यायचे ते फक्त तळावरचे अमेरिकन, कारण त्यांना वाटायचं, इंग्रज लोक असलंच काहीतरी पीत असणार.

दुपारी पबचा पंचविसावा वाढदिवस होता आणि व्हर्न सगळ्यांसमोर तिला विचारणार होता. ही हो म्हणाली तर ते खरंच होतं, पण मग कार्लाच्या गळ्यात ते आंबट पिंप जन्माचं पडत होतं. नाही म्हणाली तर ते खोटं होतं, आणि व्हर्न त्यातून उठला नसता. आणि ते शाबासकीचं वाक्य? ते काय होतं मग? मालकाने परक्या पोराची थट्टा केली आणि सगळा बार हसला, असं तर नव्हतं? हे मी तिला विचारलंच. ती कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाली की ते ती व्हर्नलाच सांगेल. सांगेल की नाही याबद्दल तिच्या आवाजावरून मला काहीच ठरवता येईना. मी भांडी घासायला घेतली.

दुपारी तीनला आम्ही चौदाही जण हजर होतो, बंदी असलेल्या दोघांसकट. कार्लाने केक आणला होता. व्हर्न बारच्या बाहेर येऊन उभा राहिला, गुडघ्यांमुळे एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. त्याने सायकलची, शनिवारची आणि मिस्टर गॅरडांच्या वाक्याची गोष्ट पुन्हा सांगितली. आम्हाला ती पाठ होती, तरी कोणी मध्ये बोललं नाही. मग तो तिच्याकडे वळला.

"मिस गॅरड, मला एकच सांगा. ही तुमच्या वडिलांची बिअर आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "अगदी तीच. तिथले ग्लास मी विसळायचे, मिस्टर प्रुइट. हा वास माझ्या हातांना यायचा. शाळेतसुद्धा यायचा."

टाळ्या वाजल्या. कार्लाने केकची सुरी खाली ठेवली आणि भिंतीकडे बघू लागली. व्हर्न खुर्चीत बसला. टाळ्या थांबेपर्यंत मिस गॅरड उभीच होती.

"आणि ती खराब झालेली असायची," ती म्हणाली.

व्हर्न हसला. इंग्रजांची थट्टा अशीच असते, असं त्याला वाटलं असावं. तिने तेच पुन्हा सांगितलं, आणखी स्पष्ट, की ती बिअर आंबून गेलेली असायची आणि गावातला एकही माणूस ती प्यायला येत नव्हता.

"शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची," व्हर्न म्हणाला.

"तुम्ही लोक असायचात ना. तळावरचे."

"दोन म्हातारे असायचे. कोपऱ्यात डॉमिनोज खेळत बसायचे."

"ते सफरचंदाची सायडर प्यायचे."

व्हर्नने आमच्याकडे पाहिलं. आमच्यातल्या प्रत्येकाने कुठेतरी दुसरीकडे पाहिलं. लोइसला एकदम केकवरची अक्षरं वाचावीशी वाटली. मग व्हर्नने तेच विचारलं ज्याची मला सकाळपासून धास्ती होती.

"मग ते जे म्हणाले होते, मला बिअर कळते, ती चेष्टा होती का?"

"नाही," मिस गॅरड म्हणाली. "चेष्टा असती तर मी इथवर आलेच नसते."

ती बसली आणि मग व्हर्नशी, एकट्या त्याच्याशी बोलल्यासारखी बोलू लागली. लढाईत तिच्या वडिलांच्या डोक्याला मार बसला होता आणि तेव्हापासून त्यांना ना वास यायचा ना चव कळायची. हे फक्त तिच्या आईला माहीत होतं आणि तिला. पबवाल्याला चव नाही हे गावाला कळून चालणार नव्हतं. पिंप चांगलं आहे की उतरलंय ते आई चाखून सांगायची. चौसष्ट साली आई गेली.

"मग ते लोकांच्या तोंडाकडे बघून ठरवायला लागले," ती म्हणाली. "आमच्या गावातले लोक तोंड वाकडं करत नाहीत, मिस्टर प्रुइट. छान आहे म्हणतात आणि परत येत नाहीत. तुम्ही मात्र ग्लास रिकामा करायचात आणि दुसरा मागायचात. वडील आत येऊन मला सांगायचे, तो अमेरिकन पितोय, म्हणजे पिंप ठीक आहे. तुमच्या भरवशावर ते पिंप चालू ठेवायचे. तुम्हाला बिअर कळते हे ते मनापासून म्हणाले होते."

मला हसू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. तिकडे चव नसलेला इंग्रज या पोराच्या तोंडाकडे बघतोय, इकडे हे पोर त्याच्याकडे बघून ठरवतंय की बिअर म्हणतात ती हीच. दोघंही अगदी सरळ मनाची माणसं. चूक कोणाची म्हणायची, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

व्हर्न खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने विचारलं, "त्यांना कधी कळलं?"

"नाही कळलं. सत्तर साली पब बंद पडला. गाव फार शिष्ट झालंय, असं म्हणायचे. शेवटपर्यंत तेच म्हणत होते."

"पण तुम्हाला कळत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

हे त्याने रागाने विचारलं नाही, पण तिला ते लागलं. तिने हातरुमाल काढला, उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"चौदा वर्षांची होते. शनिवारी ते खूश असायचे. एरवी नसायचे. आणि काल तुम्हालाही सांगणार नव्हते. क्वाइट गुड म्हणून विमानात बसणार होते. रात्रभर झोप लागली नाही. त्यांना सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतेय."

व्हर्नने मान हलवली. तो उठला, बारच्या मागे गेला, एक ग्लास घेऊन मूठ तीनदा ओढली आणि ग्लास लोइससमोर ठेवला. लोइसने घोट घेतला.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

लोइसने कार्लाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आंबट आहे, व्हर्न," ती म्हणाली. एरवी रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा तिचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आला.

"कधीपासून?"

"तू टोलिडोहून आलास तेव्हापासून."

मग तो माझ्याकडे वळला. "विडा, तू तर पाण्याची डॉक्टर. तू सांग."

"आंबट आहे," मी म्हटलं. "मी एकदा मोजलीसुद्धा होती."

"कधी?"

"वीस वर्षं झाली असतील."

"मग पीत कशाला होता सगळे?"

इंग्रजांची अशीच असते असं वाटायचं, हे सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ते पहिल्या एक-दोन वर्षांपुरतं खरं होतं. उरलेल्या वीस वर्षांचं काय? ते लोइसनेच सांगितलं.

"तू ग्लास ठेवलास की हलायचा नाहीस. समोर उभा राहून आमच्या तोंडाकडे बघत बसायचास. काय करणार माणूस?"

व्हर्नने लोइससमोरचा ग्लास ओढून घेतला आणि हळूहळू, तळापर्यंत प्यायला. आम्ही चौदा जण आणि मिस गॅरड त्याच्याकडे बघत होतो. आता कळल्यावर तरी त्याचं तोंड वाकडं होईल, अशी माझी अटकळ होती. झालं नाही. त्याने ओठ पुसले.

"मला अजूनही छानच लागते," तो म्हणाला. मग ग्लास खाली ठेवून कार्लाकडे वळला. "हे पिंप काढून टाक. नळ्या धुऊन घे."

दोन वर्षं याच वाक्यासाठी भांडलेली कार्ला जागची हलली नाही. ती रडवेली झाली होती. "राहू दे, बाबा. आज नको. चिडून काही ठरवू नकोस."

"चिडलो नाही गं," व्हर्न म्हणाला. "मला कळत नाही, एवढंच. तुम्हाला कळतं ना? मग काढ."